बॉर्डर कॉली मेंढ्यांचं लांडग्यांपासून रक्षण करतो का?

नाही, ते त्याचं कामच नाही. बॉर्डर कॉली हा कळप हाकणारा कुत्रा, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागात घडलेला. काम करताना तो सहसा भुंकत नाही. अंग जमिनीलगत वाकवून मेंढ्यांवर नजर रोखतो आणि त्या नजरेच्या दबावानेच कळप वळतो. ही मुळात शिकारीची वृत्ती; झडप घालण्याचा शेवटचा टप्पा तेवढा माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून दाबून टाकला. फार देखणं काम असतं ते! १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये जन्मलेल्या 'ओल्ड हेम्प' या कुत्र्याला या जातीचा मूळपुरुष मानतात.

राखणीची कुत्री वेगळी: इटलीतला मारेम्मा, फ्रान्स-स्पेन सीमेवरचा ग्रेट पिरेनीज. थोराड, बहुतेक पांढरी. पिल्लू असल्यापासून ती मेंढ्यांतच वाढतात, म्हणून कळपालाच आपलं समजतात आणि मेंढपाळ जवळ नसला तरी लांडग्याला अडवतात. आपल्या धनगरांची कुत्रीही राखणीचीच.

घरी पाळायला कॉली घेणार असाल, तर कृपा करून नीट विचार करा. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला कॉली मुलांना, सायकलींना वळवायला धावतो, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो.