पहिल्यांदाच धार काढताय? आधी पान्हा समजून घ्या

कोकण कपिला (कोकणातली देशी गाय) पान्हा चोरते, म्हणजे दूध अडवून धरते, म्हणून तिच्यावर ओरडू नका. दूध आणखी अडेल. कासेला कोमट पाण्याचा हात लागला, वासरानं ढुशा दिल्या की तो संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूत जातो आणि पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. दूधपिशव्यांभोवतीच्या बारीक पेशी त्यानं आवळतात, तेव्हा दूध आचळात येतं. याला साधारण मिनिटभर लागतं, आणि जोर टिकतो जेमतेम ५ ते ७ मिनिटं.

म्हणून कास धुवा, कोरडी पुसा, प्रत्येक आचळाच्या पहिल्या २-३ धारा वेगळ्या भांड्यात काढा. गुठळ्या दिसल्या तर कासदाहाचा (कासेच्या सुजेच्या रोगाचा) संशय धरा, ते दूध वापरू नका. धुण्यापासून मिनिट-दीड मिनिटात धार सुरू करा नि सात मिनिटांत उरका. मधेच फोन घेतलात तर उरलेलं दूध कासेतच बसलं म्हणून समजा!

घाबरलेल्या गायीत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. त्यानं कासेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ऑक्सिटोसिन पोचतच नाही. मिरगाच्या सरी गोठ्याच्या पत्र्यावर कोसळू लागल्या, अनोळखी माणूस किंवा कुत्रा आत आला, की हेच. निदान वेळ आणि माणूस तरी रोज तोच ठेवा.

पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा आहे, शिवाय सवय लागली की गाय आपणहून पान्हा सोडेनाशी होते. विताना कळा कमी पडल्या तर डॉक्टर ते देतात, ती गोष्ट वेगळी.