कपडे, अंगठी ओळखली तरी मृतदेह लगेच का देत नाहीत?

तुम्ही विचारलंय की, मोठ्या अपघातानंतर नातेवाइकांनी कपड्यांवरून, अंगठीवरून आपलं माणूस ओळखलं तरी मृतदेह ताब्यात मिळायला इतके दिवस का लागतात, आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ तिथं नेमकं काय करत असतात.

मी दंतवैद्य आहे, दातांवरून ओळख पटवण्याचं शास्त्र शिकवतो. उशिराचं खरं कारण हे: एक मृतदेह चुकीच्या घरी गेला तर दोन कुटुंबांवर घाला पडतो. एक परक्याला अग्नी देतं, दुसऱ्याच्या हाती कधीच काही येत नाही. दहन झाल्यावर ती चूक सुधारताही येत नाही.

२ जून २०२३ च्या बालासोर रेल्वे अपघातानंतर भुवनेश्वरच्या एम्समध्ये एकाच मृतदेहावर एकाहून जास्त कुटुंबांनी दावा सांगितला होता. त्यात कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. चेहरा सुजलेला, काळवंडलेला असतो आणि शोधणाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो. अशा वेळी माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. म्हणून कपडे, दागिने, गोंदण हे सगळं इंटरपोलच्या पद्धतीत पूरक पुरावा धरतात. मुख्य पुरावे तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए.

काम दोन बाजूंनी चालतं. घटनास्थळी प्रत्येक मृतदेहाला, प्रत्येक अवशेषाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, तो जिथं सापडला तिथंच फोटो निघतो, मगच तो हलवतात. शवागारातलं पथक जे आढळेल ते गुलाबी फॉर्मवर नोंदवतं. दुसरं पथक नातेवाइकांजवळ बसून पिवळा फॉर्म भरतं: उंची, ऑपरेशनं, हाडात बसवलेली पट्टी, दातांची कामं. दोन्ही फॉर्म जुळले की ओळख पटली. लोकांना शवागार दिसतं, पण माझ्या मते पिवळा फॉर्म जास्त अवघड. नुकतंच मूल गेलेल्या आईला त्याच्या दाढांबद्दल विचारायचं असतं.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. लंडनला जाणाऱ्या विमानाच्या टाक्या भरलेल्या होत्या, त्यामुळे आग भयंकर होती. चेहऱ्यावरून मोजकेच ओळखता आले, बाकीच्यांसाठी डीएनए. शेवटची ओळख पटेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. जळालेल्या देहात मऊ भाग उरत नाही, पण दाताचं वरचं आवरण हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. दाढेच्या आतला गर त्याच्या आड पुष्कळदा वाचतो आणि डीएनए तिथून मिळतो.

तरी डीएनए म्हणजे सगळं नव्हे. दोन सख्खे भाऊ एकाच वेळी गेले, तर आईवडिलांच्या रक्तावरून 'हा यांचाच मुलगा' एवढंच कळतं. थोरला की धाकटा, ते दात सांगतात. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या.

'आधारचे ठसे आहेतच की,' असं बरेच जण म्हणतात. आधार कायद्याचं कलम २९ ते ठसे अशा कामासाठी देऊ देत नाही. थायलंडमध्ये २००४ च्या त्सुनामीनंतर स्थानिकांची ओळख पटवायला त्यांच्या ओळखपत्रासाठी घेतलेले ठसे उपयोगी पडले, आणि युरोपीय पर्यटकांसाठी त्यांच्या गावच्या दंतवैद्यांकडच्या फाइली. आपल्याकडे एक्स-रे पेशंटच्या पिशवीत जातो आणि पिशवी दिवाळीच्या साफसफाईत. याचा मला फार त्रास होतो, आणि यात माझ्या व्यवसायाचा दोष मोठा आहे. दवाखान्यात कुठल्या दाताला काय केलं एवढं लिहून ठेवायला दोन मिनिटं पुरतात.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. बहुतेकांवर बुलढाण्यात दुसऱ्याच दिवशी सामूहिक अंत्यसंस्कार झाले. त्या नातेवाइकांनी घेतलेल्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. पण थांबायचं ठरवलं तर थांबता येईल अशी सोय आणि तसा आधार प्रशासनानं प्रत्येक कुटुंबाला द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्यावर किंवा ओळखीच्या कुणावर अशी वेळ आली तर सोबत न्या: दातांचे एक्स-रे किंवा दंतवैद्याचा फोन नंबर, ऑपरेशनचे कागद, हसताना दात दिसतील असा फोटो, त्या माणसाचा टूथब्रश, न धुतलेला कंगवा. रक्त शक्यतो आईवडिलांनी किंवा मुलांनी द्यावं. भावंडं चालतात, पण त्यांच्यावरून खात्री करणं कठीण जातं. आणि मूल दत्तक असेल तर फॉर्म भरणाऱ्याला बाजूला घेऊन ते सांगा. नाहीतर नमुना जुळणार नाही, आणि तुमचं मूल शवागारात असूनही कुणाला कळणार नाही.