२६ जानेवारी, शेजाऱ्यांच्या अंगणात

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. "२६ जानेवारीला सकाळी आम्हा मराठी मंडळींचं झेंडावंदन असतं. हाच दिवस इथला राष्ट्रीय दिन, ऑस्ट्रेलिया डे. यंदा त्याच दुपारी शेजारच्या कुटुंबानं त्यासाठी बार्बेक्यूला बोलावलंय. सासूबाई इथे आल्या आहेत. त्या म्हणतात, आपल्या प्रजासत्ताक दिनी दुसऱ्यांचा सण कशाला? नववीतली मुलगी म्हणते, तिची मैत्रीण इथल्या मूळ रहिवासी समाजातली आहे, तिच्या घरी हा दिवस दुखवट्याचा मानतात, म्हणून आपण जाऊच नये. शेजारी मात्र फार जिवाभावाचे आहेत. मी काय करू?"

ताई, जा. पण त्याआधी एका संध्याकाळी सासूबाई आणि लेक दोघींना जवळ बसवून या तारखेची गोष्ट सांगा. दोघींचंही म्हणणं खरं आहे, आणि गंमत म्हणजे दोघींच्या मनात एकच सल आहे.

२६ जानेवारी १७८८ ला ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख आर्थर फिलिप यांनी सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला. ज्यांची ही जमीन होती त्यांच्यासाठी ती जमीन जाण्याची सुरुवात. १९३८ मध्ये या घटनेच्या दीडशेव्या वर्षाचा सरकारी सोहळा सिडनीत रंगला होता, तेव्हा त्याच शहरात मूळ रहिवासी समाजाचे नेते विल्यम कूपर, विल्यम फर्ग्युसन, जॅक पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोकदिन पाळला. ऑस्ट्रेलिया डेची सुट्टी देशभर सगळीकडे याच तारखेला तर १९९४ पासूनच मिळू लागली.

आता आपली बाजू. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मसुदा केलेली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली गेली होती. तरी ती अंमलात आणायला २६ जानेवारीची वाट पाहिली, ती त्या प्रतिज्ञेची आठवण म्हणून. जे साम्राज्य एका किनाऱ्यावर उतरलं, त्याच साम्राज्याला दुसरीकडे लोकांनी नाकारलं, आणि तारीख मात्र एकच. सासूबाईंना स्वराज्य समजावून सांगावं लागणार नाही. नातीच्या मैत्रिणीचं दुःख त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल, असं मला मनापासून वाटतं.

मुलीला जबरदस्ती करू नका. ती आली नाही तर "तिला आज यावंसं वाटलं नाही" एवढं शेजाऱ्यांना सरळ सांगा, आजारपणाची सबब नको. शहरात त्या दिवशी या सणाच्या निषेधाचा मोर्चा निघतो. तिला तिथे जायचं असेल तर आईबाबांपैकी एकानं सोबत जावं. आणि ती तुमच्याबरोबर आली, तर "हॅपी ऑस्ट्रेलिया डे" म्हणण्याची सक्ती कुणावरच नाही. "बोलावलंत, खूप बरं वाटलं" हे पुरतं. शेजाऱ्यांचं मत काय आहे हे गृहीत धरू नका. ही तारीख बदलावी असं म्हणणारे लोक त्यांच्यातही भरपूर आहेत.

वेळेची काळजी नको. दिल्लीतलं कर्तव्यपथावरचं संचलन सकाळी साडेदहाला सुरू होतं, तेव्हा मेलबर्न-सिडनीत दुपारचे चार वाजलेले असतात. (ब्रिस्बेनमध्ये तीन, पर्थमध्ये एक.) म्हणजे सकाळी झेंडावंदन, दुपारी शेजारी, चारला घरी टीव्हीसमोर. शेजाऱ्यांच्या मुलांनाही चारला बोलवा. चित्ररथ आणि मोटरसायकलवरच्या कसरती बघायला मुलांना आवडतात, आणि आमंत्रणाची परतफेड त्याच दिवशी होते.

आता खाण्याचं. निरोपात "ब्रिंग अ प्लेट" असं असेल तर त्याचा अर्थ सगळ्यांना वाटून खाता येईल असा एक पदार्थ करून आणा. नवीन आलेली माणसं रिकामी ताटली घेऊन जातात आणि मग दिवसभर संकोचून बसतात, म्हणून मुद्दाम सांगते. प्यायचं आपलं आपण न्यायची पद्धत आहे. कोकम सरबताची मोठी बाटली न्या, जानेवारीच्या उन्हात पहिली तीच संपेल. कोथिंबीर वडी उत्तम, पण शेंगदाण्याचं कूट किंवा तीळ घातले असतील तर यजमानांना आधी सांगा, कारण ॲलर्जी असलेली मुलं असतात. सासूबाई शाकाहारी असतील तर तेही आदल्या दिवशीच कळवा. पनीर, ढोबळी मिरची आणि मक्याची कणसं फॉइलमध्ये गुंडाळून न्या आणि सॉसेज पडायच्या आधी तव्याचा एक कोपरा मागून घ्या. कुणाला वाईट वाटत नाही. पाव्हलोव्हा आणि लॅमिंग्टन या तिथल्या दोन्ही गोड पदार्थांत अंडं असतं, हे त्यांना चमचा तोंडात घालण्याआधी कळायला हवं. आणि सकाळी एक फोन करा: वणव्याच्या भीतीनं आगबंदीचा दिवस जाहीर झाला असेल तर कोळशाची शेगडी पेटवता येत नाही, बेत बदलू शकतो.

आणखी एक. याच दिवशी बऱ्याच ठिकाणी नागरिकत्वाचे शपथविधी होतात, आणि तुमच्या मराठी मंडळींतही कुणी शपथ घेणारं असेल. आपल्या कायद्यानं दुहेरी नागरिकत्व मिळत नाही; शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण मतदानाचा हक्क मिळत नाही. प्रजासत्ताक दिनीच हे घडणाऱ्या माणसाच्या घशात काय दाटत असेल, त्याची कल्पना करा. त्याला "आता तुम्ही परके झालात" असं हसतसुद्धा म्हणू नका. शक्य असेल तर त्याच्या शपथविधीला जाऊन बसा.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून त्या नको म्हणत असतील, असंही असू शकतं. वड्या त्यांनाच करू द्या आणि त्यांच्याच हातानं वाढू द्या. पोचल्याबरोबर त्यांची खुर्ची सावलीत आहे ना, आणि पहिला अर्धा तास तुम्ही किंवा तुमचे पती त्यांच्या शेजारी आहात ना, एवढं बघा.