डावीकडची कार आणि मोठा हॉर्न

प्रश्न : मी धायरीहून रोज बाईकनं हिंजवडीला कामाला जातो. गेल्या आठवड्यात वारज्याजवळ सर्व्हिस रोडवर एका कारनं मला उजवीकडून ओव्हरटेक केलं आणि इंडिकेटर न देता लगेच डावीकडे पेट्रोल पंपात घुसली. कशीबशी गाडी थांबली. बाबा म्हणतात, बाईक विक, बसनं जा. मी मोठा हॉर्न बसवायचा विचार करतोय. उपयोग होईल का काका?
— एक वाचक, धायरी

उत्तर : हॉर्नचे पैसे वाचव. काचा बंद, एसी चालू, वर गाणी. तुझा हॉर्न त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत कार वळून झालेली असते. आणि ते अनेक सुरांचे हॉर्न तर नियमानं बंदच आहेत.

मी पोटापाण्यासाठी लोकांना कार शिकवतो. शिकवताना डावीकडच्या सीटवर बसतो, त्यामुळे डाव्या दाराला लागून आलेली बाईक मला खिडकीतून सरळ दिसते. उजवीकडे बसलेल्याला दिसत नाही. वळण्याआधी डावा आरसा बघा, हे घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. लायसन्स हातात पडलं की बरेच जण विसरतात. काहींचा तो आरसा घासू नये म्हणून कायमचा मिटलेलाच! असा मिटलेला आरसा दिसला की त्या कारच्या डावीकडे क्षणभरही रेंगाळायचं नाही. मागे राहा, किंवा मोकळी जागा मिळाली की उजवीकडून निघून जा.

इंडिकेटरवर विसंबू नकोस. कडेला उभी कार निघणार आहे का, हे तिचं पुढचं चाक आधी सांगतं. आणि ओव्हरटेक करून पुढे आलेली कार पंप, सोसायटीचं गेट किंवा गल्लीच्या तोंडाशी हळू झाली, तर ती वळणारच असं धरून चाल. रेस सोड, दोन बोटं ब्रेकवर ठेव. ताशी ४० च्या वेगात तू सेकंदाला ११ मीटर जातोस, म्हणजे जवळजवळ तीन कारची लांबी. हात ब्रेकवर आधीच असेल तर त्यातली बरीचशी वाचते.

कॅब थांबली की तिच्या आणि फूटपाथच्या फटीत घुसायचा मोह आपल्याला सगळ्यांनाच होतो. प्रवासी दार उघडतो ते त्याच बाजूला, आणि बहुधा फोनवर बोलतच.

बाकी बाबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पावसाळ्यात मीही बस धरतो.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीचा दिवा दिवसाही बंद होत नाही. समोरचे लोक मूठ उघडझाप करून खुणावतात. मेकॅनिक स्विच बसवून देतो म्हणतोय. बसवू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नको. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना ही सोय सक्तीची आहे. कारच्या समोरच्या काचेशेजारच्या खांबाआड अख्खी बाईक लपू शकते. दिवा चालू असला की त्याच्या आडून बाहेर येताच तुम्ही लवकर नजरेत भरता. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होत राहते, तेव्हा ती उतरेल ही भीतीही नको. खुणावणाऱ्याला मान डोलवा आणि पुढे चला.