अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि मल्टिकल्चरल सोरोरिटी-फ्रॅटर्निटी आंदोलनं करतात म्हणजे नेमकं काय करतात?

तुमची भाची टेक्सासमधल्या विद्यापीठात मल्टिकल्चरल सोरोरिटीत (म्हणजे अनेक संस्कृतींच्या विद्यार्थिनींच्या संघटनेत; मुलांची ती फ्रॅटर्निटी) जायचं म्हणतेय आणि घरच्यांना दोन धास्त्या आहेत, पार्ट्या आणि मोर्चे, असं तुम्ही लिहिलंय. पार्ट्या होतात, त्यावर वेगळं काय सांगू! मोर्च्यांचं सांगते. मी टेक्सासमध्येच मास्टर्स केलं आणि फी भागवायला, या सगळ्या संघटनांचा कारभार विद्यापीठाच्या ज्या ऑफिसातून चालतो तिथे काम केलं. त्यामुळे त्यांच्या मीटिंगा आणि भांडणं जवळून पाहिली आहेत.

सिनेमातली बंगलेवाली, बिअरचे पिंप रिचवणारी फ्रॅटर्निटी आधी डोक्यातून काढून टाका. अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली ती मूठभर कृष्णवर्णीय मुलांना तिथे राहायला धड जागा मिळेना, अभ्यासाला सोबत मिळेना म्हणून. त्याच सुमारास आपल्याकडे शाहू महाराज कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करत होते. परक्या ठिकाणी पोरं टिकली पाहिजेत, ही गरज दोन्हीकडे होती. पुढे अशा नऊ संघटना झाल्या, त्यांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. यातलं सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही. पन्नाशीतली वकीलबाई आणि एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी एकाच सोरोरिटीच्या, फक्त चॅप्टर, म्हणजे शाखा, वेगळे. माझ्या मते त्यांच्या आंदोलनाची सगळी ताकद इथे आहे.

रस्त्यावर उतरण्याचाही इतिहास आहे. डेल्टा सिग्मा थीटा ही सोरोरिटी हॉवर्ड या कृष्णवर्णीय विद्यापीठात जानेवारी १९१३ मध्ये २२ मुलींनी काढली आणि ३ मार्चला त्या वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्च्यात चालल्या. त्या मोर्च्यात कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावं असा आग्रह धरणाऱ्या गोऱ्या बायकाही होत्या, हे विसरू नये. पण जास्त काम झालं ते गाजावाजा न करता. अल्फांनी मेरीलँडच्या लॉ स्कूलमधल्या कृष्णवर्णीयांच्या प्रवेशबंदीविरुद्धच्या खटल्याला बळ दिलं. १९३५ साली तो लढवणाऱ्यांत थर्गूड मार्शल होते, पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले ते, तेही अल्फाच. अल्फा कप्पा अल्फा सोरोरिटीच्या बायकांनी त्याच वर्षापासून मिसिसिपीत उन्हाळी दवाखाने चालवले. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत सोडेनात, तेव्हा औषधं गाड्यांत घालून त्या मळ्यांवर गेल्या.

आता टेक्सास. ह्यूस्टनच्या वायव्येला वॉलर काउंटीत प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हे जुनं कृष्णवर्णीय विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना 'तुम्ही इथले रहिवासी नाही' म्हणून मतदार यादीत घेत नसत. १९७९ साली सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. तरी २००३-०४ मध्ये तिथल्या सरकारी वकिलाने पुन्हा तीच भाषा काढली, तेव्हा मुलं कॅम्पसवरून काउंटीचं मुख्य गाव हेम्पस्टेड, तिथल्या कोर्टापर्यंत चालत गेली. २०१५ मध्ये सँड्रा ब्लँडला याच काउंटीत ट्रॅफिकच्या किरकोळ कारणावरून अडवून अटक झाली आणि तीन दिवसांनी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. ती प्रेअरी व्ह्यूचीच, आणि सिग्मा गॅमा रो सोरोरिटीची. इथल्या मुलींना मतदार नोंदणीचं टेबल मांडणं हा समाजसेवेचा तास वाटत नाही, तो यामुळे.

ते टेबल कसं असतं तेही सांगते. टेक्सासमध्ये कुणीही उठून मतदार नोंदवू शकत नाही. त्यासाठी काउंटीकडून नेमणूक घ्यावी लागते आणि नेमलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिकच लागते. मी एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, त्यामुळे फॉर्मला हात लावायचा नाही. मी पाण्याच्या बाटल्या वाटायचे आणि रांग सांभाळायचे. सगळ्यात जास्त वेळ जायचा पत्त्यावर: हॉस्टेलचा लिहू की घरचा? मग ओळखपत्र. विद्यापीठाचं कार्ड मतदानाला चालत नाही, बंदुकीचा परवाना चालतो. हे ऐकून नवी मुलं हसायची आणि टेबलामागच्या मुली कंटाळून पुढचा फॉर्म सरकवायच्या.

यातला अवघड भाग हा, की मोर्च्यात संघटनेचं नाव लावायचं का. डिसेंबर २०१४ मध्ये पोलिसी हिंसेविरुद्ध देशभर निदर्शनं चालू असताना दोन मोठ्या कृष्णवर्णीय सोरोरिटींच्या नेतृत्वाने सभासदांना सांगितलं: जा, पण आपल्या संघटनेच्या नावाची ग्रीक अक्षरं असलेले कपडे घालू नका. आतूनच केवढी बोंब झाली! नेतृत्वाला काळजी कायद्याची आणि नावाची, पोरींचं म्हणणं की मग ही अक्षरं फक्त नाचाच्या कार्यक्रमापुरती का? मला पोरींचं पटतं. पण विम्याचे आणि दाव्यांचे कागद मी हाताळलेत, त्यामुळे नेतृत्वाला सरळ भित्रं म्हणवत नाही.

मल्टिकल्चरल संघटनांचं गणित वेगळं. त्या तरुण आहेत: रटगर्स विद्यापीठातली म्यू सिग्मा अप्सिलॉन १९८१ ची, आपल्या देशी मुलींची डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनमध्ये १९९८ ची. मागे वकिलांच्या चार पिढ्या नाहीत. चॅप्टरमध्ये कधी सात-आठच मुली. त्यामुळे त्यांच्या मागण्या कॅम्पसपुरत्या असतात, सांस्कृतिक केंद्र, विषय, एखादी समुपदेशक, आणि त्या मिळवायला त्या दुसऱ्यांशी हातमिळवणी करतात. त्यातही सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं बंद करायला लावणारा टेक्सासचा एसबी १७ कायदा जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठातलं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद झालं. विद्यार्थी संघटनांना कायद्यात सूट आहे, पण ज्या खोलीत जमायचं ती खोली आणि मदतीला येणारा पगारी माणूस गेला. तेव्हा आता बराचसा 'लढा' म्हणजे हॉल बुक करणं आणि पैसे गोळा करणं.

भाची एफ-वनवर असेल तर तिला एकच ठासून सांगा: मतदार नोंदणीचा फॉर्म स्वतःच्या नावाने चुकूनही भरायचा नाही, कुणी आग्रहाने पुढे केला तरी. व्हिसाच्या मुळावर येतं. शांततेच्या सभेला जाणं हा गुन्हा नाही, पण अटक झाली तर तिचं प्रकरण नागरिक मैत्रिणीइतकं सोपं नसेल, म्हणून जायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसात विचारावं.

आणि मोर्च्यापेक्षा मला काळजी वाटते हेझिंगची, म्हणजे नव्या सभासदांच्या छळाची. डिव्हाइन नाइनमधल्या त्यावेळच्या संघटनांनी १९९० मध्ये प्लेजिंगची, म्हणजे नव्यांना उमेदवारी करायला लावण्याची, जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी चोरून प्रकार चालतात, आणि मल्टिकल्चरलवाल्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. टेक्सासमध्ये विद्यापीठांना हेझिंगच्या कारवाया वेबसाइटवर जाहीर कराव्या लागतात. तिच्या चॅप्टरचं नाव त्या यादीत आहे का ते आज रात्रीच बघा.