'द डार्क नाइट' या बॅटमॅनच्या सिनेमात नेमकं काय जमलंय आणि काय फसलंय?

सगळ्यात मोठी जमेची बाजू जोकर, यात वाद नाही. तोंडावरच्या व्रणांची गोष्ट तो दर वेळी वेगळी सांगतो, आणि त्यातली खरी कोणती हे सिनेमा शेवटपर्यंत उघड करत नाही. खलनायकाला ठोस भूतकाळ न दिल्यामुळेच तो इतका अंगावर येतो. हीथ लेजरला या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते ते काही सहानुभूतीपोटी नव्हतं. ट्रक उलटतो तो प्रसंगही बघा. शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उलटवून तो चित्रित केलाय, त्यामुळे त्याचं वजन जाणवतं. सिनेमा २००८चा असूनही जुना वाटत नाही, तो यामुळेच.

आता खटकणारं. हार्वी डेंटचा टू-फेस, म्हणजे अर्धा चेहरा जळाल्यावर तो जो खलनायक होतो तो, फार घाईत उरकलाय. सरळमार्गी सरकारी वकील ते लहान मुलावर पिस्तूल रोखणारा माणूस, हा बदल माझ्या तरी पचनी पडला नाही. त्याच्यासाठी वेगळा सिनेमाच हवा होता. रेचेल या नायिकेला तर बॅटमॅन आणि डेंट या दोन पुरुषांच्या दुःखाचं कारण होण्यापलीकडे फारसं कामच नाही. मोबाइल वापरून अख्ख्या शहरावर पाळत ठेवायची कल्पना झकास, पण तिच्यामुळेच शेवटची मारामारी कळेनाशी होते: कोण कुठे आहे, पत्ता लागत नाही. बॅटमॅनच्या घोगऱ्या आवाजाबद्दल न बोललेलंच बरं.

दोन बोटींचा प्रसंग, जिथे जोकर प्रत्येक बोटीतल्या लोकांच्या हाती दुसरी बोट उडवायचं बटण देतो आणि कुणीच ते दाबत नाही, काहींना भाबडा वाटतो. मला नाही वाटत. तिथे जोकरचा अंदाज चुकतो, आणि तो चुकवतात ती साधी माणसं, बॅटमॅन नव्हे.