हरभरे भिजवू की नको?

नागपूर,
हिवाळी अधिवेशनाच्या आधीचा रविवार

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. आमदारांच्या कार्यालयात अभ्यास सहायक म्हणून लागून तुला पुरते दोन महिनेही झालेले नाहीत आणि त्यांनी तुझ्याकडे एक अवघड टिपण सोपवले आहे: साथीच्या काळात लोकांवर निर्बंध घालण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तर लोकप्रतिनिधीने मत कसे द्यावे. टाळेबंदी बरोबर होती असे सांगणारे आणि ती चूक होती असे सांगणारे इतके साहित्य तू जमवले आहेस, की सुरुवात कुठून करावी हेच तुला कळेनासे झाले आहे. विधिमंडळाच्या पत्रकार कक्षात माझे अर्धे आयुष्य गेले, आणि सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनाच्या पायऱ्या मी दर हिवाळ्यात चढत आलो. त्या अनुभवाच्या बळावर जे सुचते ते लिहितो.

तुझ्या टिपणाची सुरुवात दोन तारखांपासून कर. २०२१ चे अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत १० मार्चला संपले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ११ मार्चला, तेव्हाचे पालकमंत्री नितीन राऊत यांनी नागपूर शहरात १५ ते २१ मार्च अशी टाळेबंदी जाहीर केली. शहरात रुग्ण वेगाने वाढत होते, काहीतरी करणे भाग होते, आणि तो निर्णय चुकीचा होता असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की या शहराने निवडून दिलेले आमदार आदल्या दिवसापर्यंत सभागृहात बसलेले असताना, आपल्या मतदारांचा आठवडाभराचा रोजगार थांबवायचा की नाही या प्रश्नावर त्यांच्यापैकी एकालाही ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागले नाही. आदल्या वर्षीही असेच घडले होते. राज्याने १३ मार्च २०२० रोजी साथरोग अधिनियम लागू केला, १४ मार्चला अधिवेशन आटोपते घेतले गेले, आणि त्यानंतर सभागृह भरले ते थेट ७ सप्टेंबरला, तेही दोन दिवसांपुरते. दोन बैठकांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे असे संविधानाचा अनुच्छेद १७४ सांगतो, म्हणून निदान तेव्हा तरी ते भरले, असेच मला वाटत आले आहे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन तर २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे मुंबईतच झाले आणि इकडे परतले ते १९ डिसेंबर २०२२ रोजी. वर्षातले एक अधिवेशन नागपुरात घ्यावे असे ठरवणाऱ्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेले जे आठ-पंधरा दिवस असतात, तेही सर्वांत कठीण काळात आपल्या वाट्याला आले नाहीत.

आता तुला त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्या घराजवळ तर्री-पोह्याचा एक ठेला आहे. रविवारी, १४ मार्चच्या संध्याकाळी, मी दूध आणायला निघालो होतो. ठेलेवाल्याने मला थांबवले आणि मोबाइल पुढे केला. पडद्यावर आदेशाचे छायाचित्र होते, कोणीतरी पुढे पाठवलेले, एका कोपऱ्यात शिक्का अस्पष्ट झालेला. तो एकेका ओळीखालून बोट सरकवत वाचत होता आणि ‘वगळून’ या शब्दाशी येऊन अडला होता. कशातून वगळले आणि कोणाला वगळले, हे त्या सात-आठ ओळींच्या वाक्यातून त्याला उलगडेना. “भाऊ, मी हॉटेलात येतो का ठेल्यात? हरभरे भिजवू का नको, तेवढं सांगा,” असे तो म्हणाला. तर्रीचे हरभरे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. घातले आणि सकाळी पोलिसाने ठेला उचलायला लावला, तर दोन किलो माल वाया जातो. घातले नाहीत आणि ठेल्याला मुभा असली, तर दिवस वाया जातो. मी तो आदेश दोनदा वाचला. आयुष्यभर शासन निर्णय, अधिसूचना आणि विधेयके वाचण्यात गेले असूनही, त्या माणसाला छातीठोकपणे उत्तर देता येईल असे मला त्यात काही सापडले नाही. ‘नको भिजवू’ असे मी म्हणालो, कारण चूक झालीच तर ती कमी नुकसानीची असावी एवढाच विचार माझ्या मनात होता. पुढे त्या आठवड्याचे निर्बंध थोडी सूट देऊन महिनाअखेरपर्यंत लांबले.

तो प्रश्न मी तेव्हापासून विसरलेलो नाही, आणि तुझ्या टिपणाचा कणा तोच असावा असे मला वाटते. निर्बंध हवेत की नकोत, हा वाद तुझे आमदार डॉक्टरांवर सोपवू शकतात आणि तो बहुतांशी सोपवावाही. परंतु निर्बंध कोणाच्या सहीने येतो, तो कोणत्या दिवशी आपोआप संपतो, कोणता आकडा ओलांडला की सुरू होतो आणि कोणत्या आकड्याखाली उतरला की उठतो, त्याची झळ बसणाऱ्याला काय मिळते आणि तो निर्बंध त्याला समजेल अशा मराठीत लिहिला आहे का, हे प्रश्न डॉक्टरांचे नाहीत. ते सभागृहाचे आहेत, आणि सभागृहाने ते विचारले नाहीत तर दुसरे कोणीही विचारणार नाही.

ज्या कायद्याच्या आधारे हे सारे झाले, तो तू मुळातून वाच. वाचायला दहा मिनिटे लागतील, कारण १८९७ चा मूळ साथरोग अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता. मुंबईतल्या प्लेगच्या धास्तीने तो २८ जानेवारी १८९७ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला गेला आणि ४ फेब्रुवारीला संमत झाला, आठवडाभराच्या आत. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय सरकारने करावेत, ते मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८ प्रमाणे (आज न्याय संहितेतील २२३) शिक्षा व्हावी, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येऊ नये, असा त्याचा आशय आहे. या उपायांना मुदत किती, ते विधिमंडळापुढे ठेवायचे की नाही, ज्याचे नुकसान झाले त्याने कोणाकडे जायचे, याबद्दल त्या मूळ चार कलमांत एक अक्षर नाही. अशा अधिकाराचे काय होते हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या आणि २२ जूनच्या रात्री रँडवर चापेकरांच्या गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग खरा होता आणि उपाययोजनेची गरजही खरी होती. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करता करता गेल्या. लोकांना वेठीला धरून केलेल्या उपायांनी मात्र त्या गरजेवरचा विश्वासच उडवून टाकला. २०२० मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली ती मुख्यतः डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा देण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती; पण वर सांगितलेली उणीव त्या दुरुस्तीनेही भरून काढली नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे स्वतःचा कायदा करण्याचा मार्ग राज्यांना मोकळा आहे. कर्नाटक आणि केरळ यांनी त्याच काळात आपापले साथरोग कायदे करून घेतले.

इतर ठिकाणी हे कसे झाले, याची दोन उदाहरणे टिपणात घाल; दोनच पुरेत. इंग्लंडमध्ये तातडीने काढलेले साथनियम २८ दिवसांत संसदेने मंजूर केले नाहीत तर आपोआप रद्द होतात. तिथेही पुष्कळदा आदेश आधी आणि चर्चा मागाहून, अशी ओढाताण झाली. तरीही १ डिसेंबर २०२० रोजी विभागवार निर्बंधांवर २९१ विरुद्ध ७८ असे मतदान झाले आणि सत्ताधारी पक्षाच्या पन्नासहून अधिक सदस्यांनी आपल्याच सरकारच्या विरोधात मत दिले. निर्बंध लागू झालेच, पण कोणत्या गावाच्या प्रतिनिधीने काय म्हटले, हे त्या गावाला कळले. जर्मनीच्या संसदेने २१ एप्रिल २०२१ रोजी ३४२ विरुद्ध २५० मतांनी केलेला कायदा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात निकष थेट कायद्यातच लिहिलेले होते: एखाद्या जिल्ह्यात सात दिवसांतले नवे रुग्ण लाखामागे १०० च्या वर सलग तीन दिवस राहिले की रात्रीची संचारबंदी लागू, आणि सगळी तरतूद ३० जूनला समाप्त. आपल्याकडेही जून २०२१ मध्ये बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले गेले, आणि त्या आदेशाचे मी तेव्हाही स्वागत केले होते. अडचण एवढीच, की तोही आदेशच होता आणि दुसऱ्या आदेशाने बदलता येत होता.

तुझे आमदार यावर म्हणतील, की इंग्लंडच्या सदस्यासारखे स्वातंत्र्य आपल्याला कुठे आहे. पक्षादेश (व्हिप) मोडला तर संविधानाच्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने सदस्यत्वच जाते. हे खरे आहे आणि त्यांना ते मोडायला तू सांगूही नकोस. पण मताच्या क्षणापूर्वी बरेच काही करता येते. विधेयक आले तर समाप्तीची तारीख घालणारी दुरुस्ती सूचना देता येते. विधेयक न येता नुसताच आदेश आला तर नियम १०५ खाली लक्षवेधी आहे, नियम २९३ खाली चर्चा आहे, पुरवणी मागण्यांत मदतनिधीचा हिशेब विचारता येतो, आणि यांपैकी काहीच साधले नाही तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचे विधेयक, आहे. अशासकीय विधेयक संमत होत नाही म्हणून ते लिहूच नये, असे समजणारे सदस्य मी पुष्कळ पाहिले. ते लिहिण्याच्या निमित्ताने विषयाचा जो अभ्यास होतो त्याला तोड नाही, आणि तो अभ्यास तुला करायचा आहे. आवाजी मतदानाबद्दलही एक सांगून ठेवतो. ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत’ या घोषात कोण होय म्हणाले हे इतिवृत्तात राहत नाही. लोकांच्या येण्याजाण्यावर आणि पोटावर बंधन घालणाऱ्या प्रस्तावावर मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाच्या मताची नोंद होणारे मतदान, मागावी, स्वतःचे मत बाजूने असले तरी मागावी, असे तुझ्या आमदारांना माझ्या वतीने सांग.

हे सगळे वाचून मी निर्बंधांच्या विरोधात आहे असा तुझा समज होऊ नये, म्हणून एप्रिल २०२१ चे दोन दिवस लिहितो. माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता आणि ऑक्सिजनची पातळी ८६ वर आली होती. शहरातल्या एका रुग्णालयाच्या फाटकाबाहेर आम्ही त्याला ऑटोरिक्षात बसवून पाच तास थांबलो. माझ्या हातात घडी घालून घालून फाटत आलेला एक कागद होता, त्यावर सिलिंडरवाल्यांचे अकरा क्रमांक, आणि त्यांतले नऊ मी खोडलेले. त्याच दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला नागपूरसाठी रेमडेसिविरच्या दहा हजार कुप्या पाठवण्याचा आदेश राज्याला द्यावा लागला होता. दुसऱ्या दिवशी भावाला खाट मिळाली आणि तो वाचला. आमच्या शेजारच्या रिक्षातली बाई वाचली नाही. त्या फाटकाबाहेर कोणी मला विचारले असते, की बाजार महिनाभर बंद ठेवावा का, तर मी क्षणाचाही विलंब न लावता होय म्हटले असते. म्हणूनच मला वाटते, की लोकप्रतिनिधीने कोणतीच भीती नसलेल्या दिवसांत, म्हणजे आजच, हे निकष ठरवून ठेवावेत. त्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाने ठेलेवाल्याचा विचार करावा ही अपेक्षा मी करत नाही, आणि ठेलेवाल्यानेही त्या रिक्षातल्या बाईचा हिशेब मांडावा असे नाही. दोघांनीही ज्याला मत दिले आहे, त्याला मात्र दोघांचाही विचार करणे भाग आहे.

आकड्यांविषयी थोडेच. बाधितांचे प्रमाण वाचताना त्या दिवशी चाचण्या किती झाल्या हे शेजारी लिही, कारण चाचण्या घटल्या की रुग्णही घटल्यासारखे दिसतात. शहराचा आकडा आणि ग्रामीण भागाचा आकडा वेगळा ठेव. खाटा मोजताना नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचेच नव्हे तर मध्य प्रदेशातलेही रुग्ण येतात, हे विसरू नकोस. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा लसीकरणाविषयीचा निकाल वाच. कोणावरही लस सक्तीने लादता येणार नाही, मात्र समाजाच्या हितासाठी घातलेल्या अटी प्रमाणात असल्या पाहिजेत, हा त्यातला विचार तुझ्या टिपणाला थेट लागू पडतो.

टिपण चार पानांहून मोठे करू नकोस. पाचवे पान आमदार वाचणार नाहीत. कच्चा खर्डा झाला की अधिवेशन सुरू होण्याआधी एखाद्या सकाळी सात वाजता घरी ये. आपण त्या ठेल्यावर जाऊ. तो ठेला अजून तिथेच आहे, आता त्याचा मुलगाही हाताशी असतो. तू सुचवलेल्या निर्बंधाचा मसुदा त्याला वाचून दाखव आणि तो कोणत्या शब्दाशी अडतो तिथे पेन्सिलने खूण कर.

तुझा,
काका